पाना हातात घेण्याआधी

अगं, परवा मावशीचा फोन आला तेव्हा मी एका स्कूटरचं मागचं चाक उतरवत होते. हात ऑईलने माखलेले, फोन खांद्याने कानाशी दाबून धरलेला. मावशी म्हणाली, "तूच समजाव बाई तिला. पोरगी ऐकत नाही, गॅरेजचंच काम शिकायचं म्हणते. आणि पुण्यातल्या कुठल्याशा क्लासचे एक लाख साठ हजार भरा म्हणते." पहिलं ऐकून मला आनंद झाला. दुसरं ऐकून पोटात गोळा आला.

हे फोनवर नीट सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसले. रात्री सगळे झोपले की एकटी वाच. पटलं तर सकाळी काकांना वाचून दाखव.

तुला हे काम शिकावंसं वाटतं यात काहीही वावगं नाही. बारावी आर्ट्सला असूनही काकांच्या मोटरसायकलची चेन तूच टाइट करतेस, प्लग काढून साफ करतेस, हे मी दिवाळीत डोळ्यांनी पाहिलंय. प्लग परत बसवताना तू आधी हाताने आटे लावून घेतलेस आणि मगच पाना लावलास. कुणी शिकवलं होतं तुला? माझ्याकडे येणाऱ्या पोरांना हे सांगता सांगता दोन-दोन महिने जातात. ती थेट पाना लावतात, आटे वाकडे बसतात आणि हेडचं काम वाढतं. म्हणून तुझ्या आवडीबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती त्या एक लाख साठ हजारांबद्दल.

कागद-पेन घे आणि माझ्याबरोबर हिशोब मांड.

क्लासची फी 1,60,000. पुण्यात राहणं, मेस, जाणं-येणं मिळून महिन्याला 8,000 धर, तेही चौघींत एक खोली असेल तर. कोर्स एका वर्षाचा, म्हणजे 96,000. झाले 2,56,000. काका फी कर्जाने भरणार म्हणतात. समजा 11 टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज मिळालं, तर हप्ता बसतो महिन्याला साधारण 5,240 रुपये. आता दुसरी बाजू. कोर्स संपल्यावर 'शंभर टक्के नोकरी' म्हणून जी सांगितलीय ती 14,000 ची आहे, हे तूच मावशीला सांगितलंस. त्यातून राहण्या-खाण्याचे 8,000 गेले की उरतात 6,000. त्यातला हप्ता गेला की हातात साडेसातशे. त्यात तुला तीन वर्षं काढायची आहेत. मध्ये आजारपण आलं, घरी लग्नकार्य निघालं, की हप्ता चुकला.

यात त्या क्लासवाल्यांनी खोटं सांगितलंय असं मी म्हणत नाही. नोकरी लावतीलही. पण तीच नोकरी, त्याच पगाराची, आयटीआय झालेल्या पोरीलाही मिळते. एक लाख साठ हजार भरून पहिल्या दिवशी पगार वाढत नाही. सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर तुला एक चाक खोलायला सांगतो आणि तुझा हात बघतो. फीची पावती कुणी बघत नाही.

आमच्या गल्लीतला एक मुलगा असाच गेला होता. नाव लिहीत नाही. घरच्यांनी सोनं ठेवून पैसे उभे केले. वर्षभरात त्याने फळ्यावर गिअरबॉक्सच्या आकृत्या काढल्या, एका कापलेल्या इंजिनाभोवती तीस जण उभे राहून बघायचे, आणि खऱ्या गाडीवर हात पडला तो सगळा मिळून पंधरा-वीस दिवस. माझ्याकडे कामाला आला तेव्हा क्लच प्लेटची सगळी माहिती त्याला तोंडपाठ होती. क्लचची केबल किती सैल ठेवायची हे मात्र बोटांना ठाऊक नव्हतं. पोरगा हुशार होता, कष्टाळू होता. वर्षभरात तयार झाला, आता स्वतः चांगलं कमावतो. पण ते वर्ष त्याला दोनदा काढावं लागलं, आणि सोनं सोडवायला त्याच्या आईला चार वर्षं लागली. म्हणून मला हे इतक्या पोटतिडकीने लिहावंसं वाटतं.

आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. त्या माहितीपत्रकावर 'डिप्लोमा' लिहिलंय. ऑटोमोबाईल इंजिनीअरिंगचा खरा डिप्लोमा तीन वर्षांचा असतो, पॉलिटेक्निकमध्ये, आणि तो महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ देतं. वर्षभराच्या क्लासने कागदावर डिप्लोमा छापला म्हणून तो त्याच्या तोडीचा होत नाही. उद्या एसटीत किंवा एखाद्या कारखान्यात जागा निघाली आणि जाहिरातीत आयटीआय मागितलं असेल, तर तो कागद तिथे चालणार नाही. कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचार: प्रमाणपत्रावर सही-शिक्का कुणाचा? आयटीआय असेल, तर केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीटीच्या यादीत ती आहे का आणि तुझा ट्रेड तिथे मंजूर आहे का, हे संकेतस्थळावर दिसतं. नाव सापडलं नाही तर चहा पिऊन उठून ये.

मग करायचं काय? तुझ्या तालुक्याची सरकारी आयटीआय. नाक मुरडू नकोस. मलाही तेव्हा वाटलं होतं की आयटीआय म्हणजे मार्क कमी पडलेल्यांची जागा. मी 2009 साली कोल्हापूरच्या आयटीआयतून बाहेर पडले. आज माझ्या पोटापाण्याचं जे काही आहे ते सगळं त्या दोन वर्षांवर उभं आहे.

तिथे गाड्यांशी संबंधित ट्रेड बरेच आहेत आणि फॉर्म भरताना मुलं गोंधळतात. मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा. मेकॅनिक डिझेल एका वर्षाचा. गाडीच्या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सचा वेगळा आहे, बॉडी दुरुस्तीचा आहे, रंगकामाचा आहे, आणि आता इलेक्ट्रिक वाहनांचाही दोन वर्षांचा ट्रेड आलाय. सगळे ट्रेड सगळीकडे नसतात. तुझ्यासाठी मी दोन वर्षांचा मोटर व्हेईकल म्हणेन. लवकर कमवायचं म्हणून एका वर्षाचा घ्यावासा वाटेल, पण दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्याची वाट उघडी राहते. आज तुला पुढे शिकायचं नसेल. बाविसाव्या वर्षी वाटलं तर? दार बंद करून का जायचं? शिवाय पुढे वर्षभराचं निदेशकांचं प्रशिक्षण घेऊन आयटीआयमध्येच शिकवायलाही जाता येतं. माझी एक मैत्रीण तशीच गेली. दोन मुलं सांभाळून तिची नोकरी व्यवस्थित चाललीय.

सरकारी आयटीआयची फी त्या क्लासच्या एका महिन्याच्या खर्चाएवढीही नसते. ॲप्रन, सेफ्टी बूट, वह्या, एसटीचा पास सगळं धरलं, हात सैल सोडून धरलं, तरी दोन वर्षांचे 25,000 पुरावेत, कारण तू घरून ये-जा करशील. त्यानंतर एक वर्ष अप्रेंटिसशिप. हा शब्द पक्का लक्षात ठेव, कारण सगळ्या हिशोबाची किल्ली तीच आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कंपनीत, वर्कशॉपमध्ये किंवा एसटीच्या विभागीय कार्यशाळेत तू शिकाऊ म्हणून लागतेस आणि शिकताना विद्यावेतन मिळतं. 2019 साली जे दर ठरले त्यात आयटीआय झालेल्यांसाठी महिन्याला किमान 7,000 आहेत. वर्षाचे 84,000. तुझे 25,000 वजा केले तरी तिसऱ्या वर्षाअखेर तू 59,000 ने पुढे असतेस. त्या वर्षी कोल्हापुरात माझ्याकडेच राहायचंस, त्यामुळे खोलीभाडं नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवते, तुझ्या भाऊजींशी बोलून झालंय.

आता क्लासच्या वाटेने तिसऱ्या वर्षाअखेर कुठे असशील ते बघ. पहिल्या वर्षी 2,56,000 गेले. पुढची दोन वर्षं महिन्याला 6,000 उरले, म्हणजे 1,44,000. तरी एक लाख बारा हजार अंगावर, व्याज वेगळं. हातातलं काम दोन्हीकडे साधारण सारखंच. उलट आयटीआय आणि अप्रेंटिसशिपवालीचे हात गाडीवर जास्त फिरलेले.

सरकारी आयटीआयत सगळं सोन्यासारखं असतं असंही नाही. काही ठिकाणी निदेशकांच्या जागा रिकाम्या असतात, यंत्रं जुनी असतात, एका इंजिनावर वीस जण असतात. म्हणून फॉर्म भरायच्या आधी स्वतः जाऊन बघ. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला जा आणि थेट कार्यशाळेत शीर. मुलांचे हात बघ. काळे आहेत का? वेगवेगळ्या वर्षांची इंजिनं आहेत का, एखादं तरी इंजेक्शनवालं आहे का, स्कॅनर कपाटात कुलूप लावून ठेवलाय की टेबलावर आहे? शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींना गाठ आणि विचार, आत्तापर्यंत इंजिन पूर्ण खोलून परत चालू केलंत का? कितीदा? त्यांचं उत्तर कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा खरं असेल. हेच प्रश्न खासगी संस्थेलाही विचार. तिथे उत्तर चांगलं मिळालं आणि फी तुमच्या ऐपतीतली असली, तर मी आडवी येणार नाही. काही खासगी संस्था मनापासून शिकवतात. पण कर्ज काढून पहिली पायरी चढू नकोस.

कुणीतरी तुला हेही सांगेल की शिक्षणच कशाला, सरळ गॅरेजात जा, सहा महिन्यांत शिकशील. आपल्या कोल्हापुरात हे म्हणणाऱ्यांना आधारही आहे. म्हादबा मेस्त्रींचं नाव उद्यमनगरात आजही आदराने घेतलं जातं. त्या पिढीने शाळेची पायरी न चढता केवळ डोळ्याने आणि हाताने यंत्रं उभी केली. मी ज्यांच्याकडे सुरुवातीला काम शिकले ते मिस्त्रीही चौथी शिकलेले. इंजिनाला कान लावून कुठल्या टॅपेटचा आवाज येतोय ते सांगायचे. त्यांच्या पायाशी बसून शिकले याचा मला अभिमान आहे. पण त्या काळच्या यंत्रातला दोष डोळ्याला दिसायचा, कानाला ऐकू यायचा. आजच्या गाडीतला अर्धा दोष वायरीतल्या व्होल्टमध्ये असतो. तो ना दिसत, ना ऐकू येत.

हे मला फार जवळून कळलंय, म्हणून सविस्तर सांगते.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं. दुचाकीतला कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. त्या जागी इंजेक्टर, सेन्सर आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणारा ईसीयू. माझं गॅरेज तेव्हा तीन वर्षांचं झालं होतं. पहिलं वर्षभर फरक जाणवला नाही, कारण नव्या गाड्या शोरूमच्या फ्री सर्व्हिसिंगला जायच्या. त्या संपल्यावर गाड्या माझ्या दारात यायला लागल्या आणि मला घाम फुटला. अकरा वर्षं हात काळे केलेले, आणि गाडी पुढ्यात उभी असताना सुरुवात कुठून करायची ते कळेना. तेव्हा मी एक छोटा कोर्स केला, फ्युएल इंजेक्शन आणि वायरिंगचा, संध्याकाळचा. आणि एक स्कॅनर घेतला.

मागच्या पावसाळ्यात एक बाई आल्या. शाळेत शिक्षिका. स्कूटर पिकअपच घेत नव्हती, मीटरवर पिवळा दिवा. दुसरीकडे दाखवली होती, तिथे थ्रॉटल बॉडीच बदलायला सांगितलं होतं, खर्च काही हजारांत. मी स्कॅनर लावला. कोड आला पी-0122. म्हणजे थ्रॉटल किती उघडलाय हे सांगणाऱ्या सेन्सरचा सिग्नल हवा त्यापेक्षा कमी येतोय. इथे स्कॅनरचं काम संपतं आणि शिकलेल्या माणसाचं सुरू होतं, कारण सेन्सर खराब झालाय असं स्कॅनर म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो की सिग्नल कमी आहे. त्या सेन्सरला तीन वायरी. एकीवर ईसीयूकडून पाच व्होल्ट येतात, एक अर्थ, आणि तिसरीवरून सिग्नल परत जातो. मी कपलर काढला, इग्निशन चालू करून मल्टिमीटर लावला. पाचच्या जागी सव्वा व्होल्ट. म्हणजे सेन्सरपर्यंत पुरेशी वीज पोचतच नव्हती, मग तो बिचारा सांगणार तरी काय? वायर हाताने चाचपत मागे गेले. सीटखाली एका जोडात पाणी शिरलं होतं आणि पिनेवर हिरवट मळी चढली होती, तांब्याच्या भांड्यावर चढते तशी. क्लीनर मारला, बारीक ब्रशने पिन घासली, डायलेक्ट्रिक ग्रीस लावलं, कपलर बसवला. मीटरवर पाच व्होल्ट. कोड पुसला, गाडी चालू केली, दिवा गेला. एक तास लागला. मी साडेतीनशे रुपये घेतले. त्या बाईंनी त्यानंतर शाळेतल्या चार जणींच्या गाड्या माझ्याकडे आणल्या.

मल्टिमीटर हजार रुपयांच्या आसपास येतो. तो कुठे लावायचा आणि आकडा बघून काय समजायचं, हे शिकायला वेळ आणि गुरू लागतो. पैसा मोजायचाच असेल तर तिथे मोज, पण पोटापुरता हात बसल्यावर. तेव्हा तू स्वतः कमावत असशील आणि आपल्याला नेमकं काय येत नाही हे तुला माहीत असेल. बारावीनंतर लगेच लाखभर भरणारीला आपल्याला काय शिकायचंय हेच ठाऊक नसतं, म्हणून जे समोर ठेवलं जातं ते सगळं ती विकत घेते.

पगाराचं खरं ते सांगते. आपल्या भागात सर्व्हिस सेंटरला नवख्या मेकॅनिकच्या हातात 12 ते 15 हजार पडतात. पहिली दोन वर्षं त्यात फार हलत नाही. इथेच बरीच मुलं कंटाळतात, सोडतात, डिलिव्हरीच्या कामाला जातात, कारण तिथे सुरुवातीला जास्त सुटतात. तू थांब. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ज्याला वायरिंग आणि स्कॅनिंग येतं तो बाकीच्यांपासून वेगळा होतो. कंपन्या आपल्या मेकॅनिकना स्वतःच्या खर्चाने ट्रेनिंगला पाठवतात, त्याचे टप्पे असतात. असं ट्रेनिंग निघालं की पहिलं नाव तुझं दे. पुढे फ्लोअर सुपरवायझर, सर्व्हिस ॲडव्हायझर, वॉरंटीचं काम, ट्रेनर. ॲडव्हायझर होऊन जॉब कार्ड भरणाऱ्यांत मुली बऱ्याच दिसतात. पण ज्या मुलीने आधी फ्लोअरवर काम केलंय, तिला मेकॅनिकही फसवू शकत नाही आणि गिऱ्हाईकही.

नोकरी घेताना नुसता आकडा ऐकू नकोस. पीएफ आहे का? महिना 21,000 पर्यंत वेतन असलेल्यांना ईएसआय लागू होतं, ते कापतात का? आपल्या कामात बोट चेमटतं, सायलेन्सरने हात भाजतो, जॅक सरकतो. उपचाराची सोय असलेली तेरा हजारांची नोकरी मला नुसत्या पंधरा हजारांपेक्षा मोठी वाटते.

स्वतःचं गॅरेज हे तुझं स्वप्न आहे, मला माहितीय. ते पाच-सहा वर्षांनी. तेव्हा खर्च खरा असतो: जागेचं डिपॉझिट, कॉम्प्रेसर, दुचाकीचा लिफ्ट, पान्यांचे पूर्ण सेट, आणि सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना चालणारा चांगला स्कॅनर घेतला तर एकटा तोच लाखाच्या घरात जातो. त्यासाठी मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, केंद्राचा पीएमईजीपी आहे. दोन्हींत महिलांना जास्त अनुदान मिळतं, शहरात 25 टक्के आणि ग्रामीण भागात 35 टक्क्यांपर्यंत. मुद्रा कर्ज आहे. कर्ज काढायचं ते तेव्हा, कारण तेव्हा ते फेडणारं यंत्र समोर उभं असतं आणि ते चालवणारा हात तयार असतो. आणि कुणी तुला विश्वकर्मा योजनेच्या नावाने फॉर्मचे पैसे मागितले तर देऊ नकोस. त्या योजनेतल्या अठरा व्यवसायांत गाड्यांचा मेकॅनिक नाही.

काका म्हणत होते, आता सगळ्या गाड्या बॅटरीवर येणार, मग हे शिकून काय उपयोग? त्यांची काळजी रास्त आहे. पण रस्त्यावरच्या पेट्रोलच्या गाड्या उद्या नाहीशा होत नाहीत, आज विकली गेलेली गाडी अजून दहा-पंधरा वर्षं दुरुस्तीला येणार. आणि इलेक्ट्रिक स्कूटरलाही ब्रेक असतात, सस्पेन्शन असतं, बेअरिंग असतात, वायरिंग तर जास्तच. इंजिन ऑईल आणि प्लगचं रोजचं काम कमी होईल, मीटर लावून विचार करण्याचं वाढेल. मोटारींच्या बॅटरीचा व्होल्टेज तीनशे-चारशेच्या घरात असतो. केशरी रंगाच्या जाड वायरी दिसल्या की प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, हे आत्ताच मनावर कोरून ठेव. ते प्रशिक्षण तुला आयटीआयनंतर घेता येईल.

आता मुलगी म्हणून दोन शब्द. हे आईसमोर बोलायला तुला अवघड जाईल.

वजन उचलण्याची भीती बाळगू नकोस. मोटरसायकलचं इंजिन एकटी उचलत नाही मी, आणि शहाणा पुरुषही उचलत नाही. जॅक, लिफ्ट, लांब दांड्याचा पाना, अंगाचा भार कुठे टाकायचा याची समज, यावर काम चालतं. कंबर सांभाळ, वाकताना गुडघे वाकव, पंचविशीतच पाठ धरली तर पुढे जड जातं. हात फुटतील. रात्री कोमट पाण्याने धुऊन खोबरेल लाव, आणि पेट्रोलने हात धुवायची सवय लावून घेऊ नकोस. मीही सुरुवातीला धुवायचे, कातडी सोलून निघाली.

कामाची जागा बघताना स्वच्छतागृह आहे का ते आधी बघ. लाजू नकोस, विचार. मी अप्रेंटिस होते त्या ठिकाणी बायकांसाठी सोय नव्हती. मी सकाळपासून पाणी पीत नसे आणि वर्षाच्या शेवटी मला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. दवाखान्यात पडून राहिले तेव्हा आई रडली होती. तुझ्यावर ती वेळ येऊ द्यायची नाही. जिथे सोय नाही ती जागा कितीही नावाजलेली असो, आपली नाही.

आणि लोक बोलतील. गिऱ्हाईक येईल, तुला ओलांडून मागे बघेल आणि विचारेल, "मिस्त्री कुठायत?" पहिल्यांदा डोळ्यात पाणी येईल. तू फक्त म्हण, "काय होतंय गाडीला, सांगा." आणि कामाला लाग. आज माझ्याकडे अशी कितीतरी गिऱ्हाइकं आहेत जी पहिल्या दिवशी मला ओलांडून बघत होती. आता मी गावाला गेले तर ती दोन दिवस थांबतात, पण गाडी दुसरीकडे नेत नाहीत.

सरकारी आयटीआयत मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात आणि मोटर व्हेईकलला मुली कमीच अर्ज करतात. त्यामुळे तुझ्या दहावीच्या मार्कांत तुला तालुक्यालाच जागा मिळावी. प्रवेश ऑनलाइन होतो, दहावीचा निकाल लागला की फॉर्म सुरू होतात आणि फेऱ्या लागतात. दहावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, आधार हे सगळं आत्ताच एका फाइलमध्ये लाव. उत्पन्नाच्या दाखल्याला तहसीलमध्ये दिवस लागतात, तो काकांना याच आठवड्यात काढायला सांग. ट्रेडचे पर्याय भरताना फोन कर, दोघी मिळून भरू.

आणि त्या क्लासला टोकन म्हणून पाच हजार भरायला सांगितलेत ना, ते भरू नकोस. 'उद्यापर्यंत भरलं तर सवलत' असं म्हणाले असतील तर मुळीच नको.

शनिवारी सकाळच्या एसटीने माझ्याकडे ये, पंधरा दिवस राहायच्या तयारीने. एका मोटरसायकलचं इंजिन बांधायला आलंय, ते मी तुझ्यासाठी न खोलता ठेवलंय. आपण दोघी मिळून खोलू आणि बांधू. त्यानंतरही तुला हेच करावंसं वाटलं तर मी स्वतः मावशीकडे येऊन बोलेन. जुने सुती कपडे आण, बांगड्या घरी ठेव आणि केस घट्ट बांधून ये.